मास्तरांची वजाबाकी

'बरोबर' हा शब्द मी तोंडाने म्हणत नाही. सगळी नोकरी शाळेत काढली, पण पोरीने उत्तर सांगितलं की मी नुसती मान डोलवायची, नाहीतर 'हं, पुढे' म्हणायची. भाजीवाला तराजू वर धरून 'बरोबर ना बाई?' म्हणाला, तरी मी पिशवी पुढे करते आणि गप्प राहते. घरातले म्हणतात, हिचं सगळंच तिरपागडं. असू दे तिरपागडं. केशवमास्तरांना शेवटच्या दिवसांत जवळून पाहिलेली आता मीच काय ती उरले आहे, आणि त्या शब्दाने त्यांच्या घरात काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचं घर नाशकात तांबट आळीत. वडील हंडे-घागरी घडवायचे. दिवस उजाडला की ठोके सुरू, ते दिवेलागणीपर्यंत. त्या कल्लोळात वाढल्यामुळे माझा आवाज जन्माचा मोठा झाला. हळू बोलायचं म्हणजे काय ते मला सासरी गेल्यावर कळलं, तेही पुरतं नाही. शाळा जवळच, एका जुन्या धर्मशाळेच्या ओवऱ्यांत भरायची. पस्तीस सालाच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. मुलं-मुली एकत्र बसायची, पण मुली मोजक्याच. त्यात एक मी आणि एक मास्तरांची यमू.

मास्तर उंच आणि किडकिडीत. कोट बारा महिने एकच, आणि त्याचे खिसे कायम फुगलेले. आम्हाला वाटायचं, आत खाऊ आहे. खाऊ कसला, चिंचोके. सुतळीचे तुकडे, खडू, कधी गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, उचललेले गोटे, एकदा तर अर्धा पेरू निघाला, तोही धड्यासाठीच कापलेला. धडा झाल्यावर तो पेरू कोणी खायचा यावरून आमची मारामारी झाली, तर त्यांनी त्या मारामारीचाच भागाकार करायला लावला.

मी पहिल्यांदा त्यांच्या वर्गात गेले तेव्हा मोठ्या तोऱ्यात होते. पाऊणकी मला घडाघडा येत होती. वडिलांनी ठोक्यांच्या तालावर पाठ करून घेतली होती. मास्तरांनी म्हण म्हटल्यावर मी डोळे मिटून सुरू झाले. एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन. थेट शेवटपर्यंत, न अडखळता. ओवरीतली कबुतरं उडाली एवढा माझा आवाज. डोळे उघडून आता शाबासकी मिळणार म्हणून उभी राहिले.

मास्तर म्हणाले, "छान. आता पाऊण दाखव."

"म्हणजे?"

"आत्ता तू ज्याचं गाणं म्हटलंस तो. असतो कुठे? दिसतो कसा?"

पोरं खिदळायला लागली. मास्तर शांतपणे म्हणाले, "घरी जाऊन घेऊन ये."

मी खरंच घरी गेले. वडिलांना म्हटलं, मास्तरांनी पाऊण मागवलाय. त्यांनी हातोडा खाली ठेवला, मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे बघितलं, आणि कामाला लागले. मग मीच एक तांब्या घेतला, अर्ध्याच्या वर आणि काठाच्या खाली असं पाणी भरलं आणि पळत सुटले. मास्तरांनी तांब्यात वाकून पाहिलं. "निघाला तेव्हा पाऊण असेल. आता अर्धा झालाय. उरलेला वाटेत कुणाकुणाच्या दारात टाकून आलीस?" माझा परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. मी रडायच्या बेतात आले, तेव्हा त्यांनी शेजारी बसवून घेतलं.

"हे बघ सुंदरे, आकडा चार घरी राहतो. हातात, चित्रात, गोष्टीत आणि पाटीवर. पाटीवर ओळख दाखवलीस आणि हातात आल्यावर तोंड फिरवलंस, तर ती ओळख नव्हे. चारही घरी जाऊन ये. मग मी सांगेन."

दोन दिवस मी त्या पाऊणच्या मागे होते. सुतळीला घड्या घालून तुकडा कापला. पाटीवर भाकरी काढून चतकोर पुसला. गोष्ट सांगायची म्हटल्यावर मी आमच्याच घरचं सांगितलं, की आईने चुलीजवळ एक भाकरी ठेवली होती, चतकोर मांजरीने नेली, उरलेली बाबांना वाढली. मास्तरांनी ऐकून घेतलं. आकडा लिहायला लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर."

तो शब्द मिळवायला पोरं महिना महिना झुरायची, ते मला नंतर कळलं. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. नुसता तो एक शब्द राखून ठेवायचे. उत्तर चुकलं तर 'दुसऱ्या तऱ्हेने सांग', आणि उत्तर आलं तरी 'दुसऱ्या तऱ्हेने सांग'. त्यामुळे अख्ख्या गावात असं झालं होतं, की केशवमास्तर बरोबर म्हणाले म्हणजे त्यावर आता बोलायचं काही राहिलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेले बाप्ये, मिशीवाले, बाजारात भांडण लागलं की म्हणायचे, चला मास्तरांकडे, ते बरोबर म्हणाले तर मी गप्प बसतो.

वजाबाकीचा मात्र त्यांचा एक वेगळाच छंद होता. बेरीज झटकन उरकायचे. वजाबाकी आली की आवाज खाली यायचा. पाच लाडू होते, दोन खाल्ले, तीन राहिले, असं एखाद्याने सांगितलं की हे विचारायचे, "राहिलेल्यांचं काय?" पोरगा गोंधळायचा. लाडवांचं काय असणार? "मुंग्या लागल्या की झाकून ठेवले? कुणी वाट बघतंय का त्यांची? गेलेल्याकडे सगळे बघतात बाबा, राहिलेल्यांकडे बघ. उत्तर तिथे असतं." आम्ही घरी जाताना एकमेकांना चिडवायचो, काय गं, राहिलेल्यांचं काय?

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. ओवरीभर आम्ही जमिनीवर पसरलेलो, पुढ्यात चिंचोक्यांचे ढीग, एकाच्या कमरेला सुतळी गुंडाळलेली. साहेबांनी दारातूनच विचारलं, "ही शाळा आहे की अंगण? मुलं खेळतायत." साहेबांनी तोंडी गणितं घातली, आम्ही काही सोडवली, काही नाही, आणि साहेब कपाळाला आठी घालून निघून गेले. शेरा वाईट आला म्हणे. दुसऱ्या दिवशी मास्तर खिशात हात घालून वर्गात आले. म्हणाले, "साहेब म्हणाले खेळ. खेळ तर खेळ. मांडा."

आता यमूचं सांगते. तिचं सांगितल्याशिवाय मास्तरांचं सांगून होत नाही.

यमू माझ्याहून थोडी मोठी, पंधरावं लागलेलं. बापासारखीच लांबलचक. हसताना पदर तोंडावर घ्यायची, कारण पुढचा दात किंचित वाकडा होता. मास्तर स्वतःच्या पोरीला तो शब्द सगळ्यात कमी द्यायचे. मला राग यायचा, तिला नाही यायचा. एक दिवस अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. अर्ध्याला पावाने भागलं तर उत्तर दोन. वर्गात कुणाच्याच डोक्यात शिरेना. भागल्यावर आकडा मोठा कसा होईल? वाटल्यावर वस्तू कमी व्हायला नको? यमू उठली, डब्यातली अर्धी भाकरी काढली आणि पहिल्या ओळीतल्या एका चिमुरडीला म्हणाली, "माझ्याकडे अर्धी आहे. प्रत्येकीला चतकोर द्यायची, तर किती जणी जेवतील?" चिमुरडी म्हणाली, "दोघी." यमूने भाकरी मोडली, एक तुकडा तिला दिला, एक तिच्या शेजारणीला. "मग झाले की दोन."

मास्तर फळ्यापाशी उभे होते. ते पोरीकडे बघत राहिले. म्हणाले, "बरोबर." आणि मग आम्हा सगळ्यांकडे वळून, अगदी सरळ आवाजात, "ही मास्तरीण होणार. सातवीची फायनल देईल, पुण्याला ट्रेनिंगला जाईल, आणि मी थकलो की हा वर्ग तिचा."

यमू त्या दिवशी घरी जाताना हसली, तेव्हा पदर तोंडावर घ्यायला विसरली.

घरीही त्यांनी हे सांगून टाकलं होतं. देवळा गावी त्यांचे थोरले भाऊ असायचे, अण्णा. ते दर खेपेला यमूच्या लग्नाचं काढायचे. मास्तर एकच उत्तर द्यायचे, "फायनल झाल्याशिवाय विषय काढायचा नाही." अण्णा थोरले असूनही गप्प बसायचे. काकू, म्हणजे यमूची आई, दोघांना ताक वाढायच्या आणि मध्ये पडायच्या नाहीत.

परीक्षा काही महिन्यांवर आली होती. सकाळची शाळा. मास्तर फळ्यावर लिहीत होते, पाव अधिक अर्धा, आणि तिथेच त्यांचा हात थांबला. खडू खाली पडला. आम्हाला वाटलं, पुढचं आम्ही सांगायचं म्हणून थांबले. मागून एक कार्टं ओरडलं, "तीन!"

मास्तर हळूच जमिनीवर बसले. म्हणाले, "बरोबर."

वर्गात एकच हशा. चार घरं नाहीत, काही नाही, आणि तेही चुकलेल्या उत्तराला! आम्हाला वाटलं, मास्तर आज थट्टेच्या लहरीत आहेत. दुसरा ओरडला, "मास्तर, सात!" "बरोबर." तिसरा, "मास्तर, आज सुट्टी?" "बरोबर, बरोबर." पोरं टाळ्या पिटायला लागली. मी यमूकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा फटक. ती पाट्यांवरून उड्या टाकत पुढे गेली आणि त्यांचं डोकं धरलं. तेव्हा मला दिसलं, की त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलंय.

अर्धांगाचा झटका होता. उजवं अंग गेलं. वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा, आणि मान सारखी आपोआप हलत राहायची, त्यामुळे हो म्हणतात की नाही ते मानेवरून कळायचं नाही. वाचा गेली म्हणते, पण पुरती गेली असती तर बरं झालं असतं. एक शब्द राहिला. देवाला काय राहू द्यायचं एवढीही अक्कल नव्हती असं मला अजून वाटतं. पाणी हवंय का? बरोबर. भूक लागली का? बरोबर. दुखतंय का? बरोबर. जन्मभर ज्याची कंजुषी केली तो शब्द तोंडातून नुसता गळत होता, आणि तो बाहेर पडला की डोळ्यांत पाणी यायचं. आपण हे म्हणत नव्हतो, हे त्यांना कळत होतं.

यमूने पाटी दिली डाव्या हातात. त्यांनी पेन्सिल धरली, आणि नुसता गुंता उमटला. आकडे गेले होते, अक्षरंही गेली होती. ती घरं बंद झाली. मग तिने कोटाच्या खिशातले चिंचोके एका पितळी वाटीत काढून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले. आणि तिथे ते बोलायला लागले. एक चिंचोका वाटीपासून दूर सारला की पाणी हवं. सगळे जवळ ओढले की गोधडी. दोन वेगळे केले तर काकूला बोलवा. यमू वाचायची. मीही बसून बसून वाचायला शिकले. आम्ही दोघीच होतो वाचणाऱ्या. बाकीचे यायचे, बघायचे, आणि च् च् करून जायचे.

अण्णा देवळ्याहून आले ते मुक्कामालाच. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. भावाचं अंग ते स्वतः पुसायचे. पण भाऊ असा पडलेला, घरात पोर लग्नाची, उद्या काही झालं तर हिच्याकडे कोण बघणार, ही काळजी त्यांना जेवू देत नव्हती. त्यांनी स्थळ आणलं. देवळ्याचंच, बिजवर, पहिलीची दोन मुलं, घरी शेतीवाडी. नवऱ्या मुलाचे मामा बघायला आले. ते मामा नाशकातच वाढलेले आणि मास्तरांच्याच हाताखालून गेलेले. मी यमूला धीर द्यायला म्हणून माजघराच्या उंबऱ्यात बसले होते.

अण्णा भावाजवळ सरकून बसले. "केशव, आपली यमू देवळ्याला द्यायची. तुझं काय म्हणणं?"

मास्तर म्हणाले, "बरोबर."

मामांनी हात जोडले. "झालं अण्णा. मास्तरांनी बरोबर म्हटलं, आता मला पत्रिकासुद्धा बघायची नाही. या शब्दासाठी लहानपणी मी रडलोय."

यमू पुढे आली. एरवी पाहुण्यांपुढे उभीही न राहणारी ती पोर. "त्यांना तसं म्हणायचं नाही अण्णा. तेवढा एकच शब्द येतो त्यांना." आणि बापाच्या पायाशी बसून म्हणाली, "बाबा, मला देवळ्याला नाही ना द्यायचं? मी फायनल द्यायची ना?"

"बरोबर," मास्तर म्हणाले. "बरोबर, बरोबर."

मला वाटलं, आता कळेल यांना. तेवढ्यात मामा हसले. "पोरीचं मन राखतायत. बाप शेवटी." अण्णांनीही डोळे पुसत मान हलवली. "लेकीच्या तोंडावर कोणता बाप नाही म्हणेल?"

मग मास्तरांनी वाटी ओढली. तीन चिंचोके काढून त्यांनी सतरंजीवर ओळीने ठेवले. ते, काकू, यमू. हे घर ते रोजच मांडायचे. मग एकावर बोट ठेवून तो थोडासा बाजूला सरकवला, अण्णांच्या दिशेने, आणि लगेच झडप घालून मुठीत घेतला. ती मूठ छातीवर दाबून धरली आणि अण्णांकडे बघत राहिले.

आंधळ्यालाही दिसलं असतं हो. मी उंबऱ्यातूनच बोलले, आणि माझा आवाज तो असा. "अण्णा, ते वजाबाकी नाही म्हणतायत. यमूला देत नाही म्हणतायत."

अण्णांच्या डोळ्यांतून खरोखर धारा लागल्या होत्या. ते मामांना म्हणाले, "बघा माझा भाऊ. अख्ख्या गावाला शहाणं केलं, आणि आता लहान मुलासारखा खेळत बसतो." मग माझ्याकडे वळून, "तू तांबटांची ना? जा बाळ, घरी वाट बघत असतील."

काकू आतून आल्या. पाहुण्यांपुढे नवऱ्याचा हा खेळ त्यांना बघवेना. त्यांनी वाटी उचलली, सतरंजीवरचे दोन चिंचोके त्यात टाकले, आणि आत घेऊन गेल्या. तिसरा मास्तरांच्या मुठीतच होता. त्या बाईला मी काय बोलू? जन्मभर त्याच शब्दावर विसंबून तिने संसार केला होता.

लग्न नाशकातच झालं. मास्तरांना खुर्चीत आणून बसवलं होतं. जो तो वाकून म्हणायचा, पोर चांगल्या घरी पडली मास्तर, आणि ते म्हणायचे, बरोबर. लोक आपसात बोलत होते, किती समाधान आहे बघा, डोळ्यांचं पाणी खळत नाही. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. मला त्या सगळ्यांना त्यांच्या पाट्यांनीच मारावंसं वाटत होतं.

निघताना यमूने ती पितळी वाटी माझ्या हातात दिली. "बाबांपाशी बसत जा. काही विचारू नकोस त्यांना. मांडत जा." मग टांग्यात बसली. पदर तोंडावर घेतला होता, पण हसत नव्हती. ती पुढे कधीच शाळेच्या पायरीला आली नाही. त्या साली फायनलला मी एकटीच बसले.

शाळा सुटली की मी जायची. मास्तरांना ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलेलं असायचं. मी वाटी पुढे सरकवायची, ते तिला हात लावायचे नाहीत. वाटीकडे बघायचे आणि तोंड फिरवायचे. मी आपली आळीतल्या गमती सांगायची, एकटीच, मोठ्या आवाजात.

एक दिवस संध्याकाळी मी निघायला उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. मग वाटीतून चिंचोके काढले. तीन. ओट्याच्या कडेशी, ओळीने. एका चिंचोक्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि ढकलला. तो ओट्यावरून खाली रस्त्यात पडला.

माझ्या तोंडून सवयीनेच निघालं. "तिनातून एक गेला, मास्तर. दोन राहिले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. वर्गात लाडवांची गोष्ट सांगणाऱ्या पोराकडे ते असेच बघायचे. राहिलेल्यांचं काय? मला रडू कोसळलं. मग उत्तर त्यांनीच दिलं. डावा हात आडवा करून त्यांनी ते उरलेले दोन चिंचोकेही सावकाश कडेपर्यंत नेले आणि खाली लोटले. ओट्याचा तेवढा दगड मोकळा झाला. त्या मोकळ्या दगडावर त्यांनी तळवा ठेवला, आणि मला नीट दिसेल असा पुन्हा उचलला.

"बरोबर," ते म्हणाले.

त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तेवढ्या एका खेपेला त्यांना जे म्हणायचं होतं तेच तोंडातून आलं होतं. मी चिंचोके वेचायला खाली उतरले. दोन लगेच मिळाले. तिसऱ्यासाठी मी अंधार पडेपर्यंत रस्ता चाचपत राहिले, आणि मास्तर वरून बघत होते.